नवीन आलेली पेन किट्स: बोल्ट ॲक्शन, मॅग्नेटचं टोपण, काळं स्लिमलाइन... कोणी वापरून बघितली का?

कातारी

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. दिवाळीपासून पेन किट्सचा (लाकडाच्या पेनाला लागणारे नळी, टोक, क्लिप, खटका असे तयार धातूचे भाग) बराच नवीन माल बाजारात आलाय, व्हॉट्सॲपवर रोज एक फोटो येतो आणि दर वेळी इथे कोणीतरी विचारतं की घेऊ का. म्हणून या वेळी तीन प्रकार मागवले, प्रत्येकाची दोन दोन पेनं केली, दोन महिने खिशात ठेवून वापरली आणि आता लिहायला बसलोय.

आधी लाकडाचं सांगतो कारण माझा सगळा मुद्दा तिथूनच निघतो. वाईला आमच्या आजोळचा वाडा उतरवला, त्यातल्या तुळईचे आणि कडीपाटाचे तुकडे मी आणून ठेवलेत. मामे-मावस मिळून आम्ही सतरा भावंडं, प्रत्येकाला त्या वाड्याचं एक एक पेन करून द्यायचं असं ठरवलंय. सागवान म्हणजे असा की लेथवर चढवला की अजून तेलाचा वास सुटतो. आता असं लाकूड एकदाच मिळतं, पुन्हा वाडा काही उतरवायचा नाही. त्यामुळे किट निवडताना मी दिसण्याच्या आधी दोनच गोष्टी बघतो, रिफिल आमच्या साताऱ्यातल्या स्टेशनरीच्या दुकानात मिळते का, आणि जिथे बोटं लागतात तिथलं पाणी, म्हणजे मुलामा, किती टिकतं.

बोल्ट ॲक्शन: नळी एकच, त्यामुळे मधल्या पट्टीशी रेषा जुळवायची भानगड नाही. किटच्या कागदावर ३/८ इंचाचं बिट लिहिलंय, मी पुण्याच्या बोहरी आळीतून साडेनऊ एमएमचं आणलं आणि नळी छान बसली. रिफिल पार्कर टाइप, म्हणजे कुठेही मिळते. खटका पुढे ढकलून वळवला की रिफिल बाहेर येऊन अडकते, आवाज एकदम ठाम येतो, हातात घेतलं की चार वेळा केल्याशिवाय कोणी राहत नाही. पण दोनपैकी एका किटमध्ये खाचेची कड धारदार होती, ती बारीक कानसीने मारावी लागली आणि कानस लावली की तिथलं प्लेटिंग गेलंच. आणि स्प्रिंग कडक आहे. माझ्या मावशीचं वय ७८, तिला अंगठ्याने ते होईना, दोन्ही हात लावायला लागले.

मॅग्नेटचं टोपण: हे रोलरबॉल. टोपण जवळ नेलं की टप्पकन बसतं, बघणारे खूश होतात. पण नळ्या दोन वेगळ्या व्यासाच्या, म्हणजे दोन बिटं, वेगळे बुश (लाकूड किती जाडीपर्यंत कातायचं ते दाखवणाऱ्या कड्या), खर्च वाढला. आणि माझ्या टेबलावर मेटलचं काम पण होतं, तो सगळा लोखंडी कीस त्या मॅग्नेटने गोळा केला, चिकटपट्टी दाबून दाबून काढला तरी एक कण आत राहिला आणि त्याने टोपणाच्या आतून रेघ ओढलीच. हे किट असेल तर आधी टेबल झाडून घ्या आणि स्टील वूल त्या खोलीतसुद्धा आणू नका.

तिसरं काळ्या रंगातलं स्लिमलाइन, सात एमएमच्या दोन नळ्या, आपलं नेहमीचंच. फिनिश नवीन आहे. फोटोत फार सुंदर दिसतं. रिफिल क्रॉस टाइप, ती इथे तीन दुकानं फिरल्यावर मिळाली नाही. आणि काळा रंग टोकाशी दोन महिन्यांत उडून खालचं पितळ दिसायला लागलं. या सप्लायरने काळं टायटॅनियम म्हणून विकलं होतं, माझ्या मते तो नुसता रंग आहे.

लाकूड दीडशे वर्षांचं आणि वरचा मुलामा दोन महिन्यांचा, हे मला पटत नाही. तुमचे अनुभव सांगा, तुमच्याकडे कुठलं फिनिश किती टिकलं ते मुद्दाम सांगा.

उद्यमनगर_कोल्हापूर

मस्त धागा. मी मशीनशॉपवाला, त्यामुळे मापाचंच बोलतो. नवीन किट आलं की बुशवर भरवसा ठेवू नका, किटचा प्रत्येक भाग व्हर्निअरने मोजा आणि कागदावर लिहून ठेवा. मी मागच्या महिन्यात एकाच ऑर्डरमधली पाच बोल्ट किट्स मोजली, टोकाकडच्या कपलरच्या (नळीत दाबून बसवायचा जोड) व्यासात पंधरा शतांश एमएमपर्यंत फरक होता. बोटाला तेवढी पायरी लगेच कळते. बुश तर काचपेपर लागून लागून प्रत्येक पेनला थोडे झिजतात, दहा पेनांनंतर तो बुश म्हणजे फक्त आठवण.

दुसरं, मँड्रेल (नळ्या ओवायचा रॉड) सोडा आणि लेथच्या दोन टोकदार सेंटरच्या मध्ये टर्न करा. मँड्रेलचा नट जरा जास्त आवळला की रॉड वाकतो आणि पेन एका बाजूला जाड होतं, मग लोक किटला दोष देतात. ६० अंशाचा डेड सेंटर, ६० चाच लाइव्ह सेंटर, मध्ये बुश आणि ब्लँक (नळी बसवायचा लाकडाचा तुकडा), बास.

आणि हेदू किंवा कुठलंही फिकट लाकूड असेल तर स्टीलच्या बुशला काचपेपर लावूच नका, काळी पूड लाकडात जाते आणि मग काही केल्या निघत नाही.

नवखी_लेथवाली

मी अगदी नवीन आहे, चारच महिने झाले लेथ घेऊन. अजून एकही पेन केलेलं नाही, भोवरे आणि लाटणी केली. सगळे सांगतात स्लिमलाइनपासून सुरुवात कर कारण स्वस्त आहे. पण वर वाचून आता बोल्टचंच घ्यावंसं वाटतंय, एकच नळी म्हणून. चूक होईल का? आणि नळी कशाने चिकटवता, फेविक्विक चालतं का?

न्यूजर्सीकर

नवखी ताई, स्वस्त म्हणून स्लिमलाइन हे मला कधीच पटलं नाही. दोन नळ्या, मधली पट्टी, वर ट्रान्समिशन (वळवून रिफिल आतबाहेर करणारा भाग) किती खोल दाबायचा ते अंदाजाने, एक एमएम जास्त गेला की रिफिल आत जातच नाही. इतक्या पातळ भिंतीचं लाकूड नवशिक्याच्या हातात फुटतं. त्यापेक्षा सिएरा प्रकारचं किट घ्या, नळी एकच, वरचा भाग वळवला की रिफिल बाहेर, पार्कर टाइप रिफिल. त्याला बिट २७/६४ इंच लागतं, तुमच्याकडे इंचातलं मिळालं नाही तर १०.७ एमएम मागा, तेच ते.

कातारींना एक माहिती. ही बोल्ट ॲक्शन तुमच्याकडे आत्ता आली असेल, इथे अमेरिकेत दहा वर्षांहून जास्त झाली, माझ्याकडची पहिली क्रोमची अजून चालते, पाणी कुठेही गेलेलं नाही. त्याच वेळी केलेलं चोवीस कॅरट सोन्याच्या मुलाम्याचं पेन मात्र वर्षभरात पांढरं पडलं. सोनं मऊ, थर पातळ, हाताचा घाम, दुसरं काय होणार. पिवळंच हवं असेल तर टायटॅनियम नायट्राइडचं घ्यायचं, ड्रिल बिटांना जो सोनेरी थर असतो तोच, तो झिजत नाही. म्हणजे खटका नवा की जुना याने काही ठरत नाही, थर कशाचा आहे त्यानेच ठरतं.

आणि कोणी शिसवीची पेनं परदेशी पाठवत असेल तर आधी नियम बघून घ्या, २०१७ पासून शिसवीचा सगळा वर्ग साइट्सच्या (CITES, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहे. थोड्या वजनाच्या तयार वस्तूंना सूट आहे पण कच्चे ब्लँक पाकिटात टाकून पाठवू नका.

मालवणी_रंधा

प्लेटिंगचा विचारताय तर आमच्याकडे या. समुद्र दोनशे मीटरवर, खारी हवा, घाम. सोनेरी किट माझ्याकडे एक पावसाळा काढत नाही, क्रोम तीन वर्षं झाली अजून बरं आहे, आणि गनमेटल म्हणून जे येतं त्यात दोन जाती आहेत, एक खरं प्लेटिंग आणि एक नुसता रंग, दोन्हीचं नाव एकच. ओळखायची माझी पद्धत सांगतो, किटमधली क्लिप घ्यायची आणि आतल्या बाजूला, जिथे दिसत नाही तिथे, नखाने नाही तर पितळेच्या पिनेने ओढून बघायचं. रंग असेल तर तुकडा उडतो.

सीए (सायनोॲक्रिलेट, फेविक्विकच्या जातीचा गोंद) फिनिशबद्दल पण लिहितो कारण नवीन किट घेतलं आणि फिनिश पांढरं झालं अशी तक्रार दर जुलैत येते. सीए हवेतल्या ओलाव्यावरच सुकतो. आमच्याकडे पावसात तो इतका झपाट्याने सुकतो की वर पांढरी साय धरते. मी जून ते सप्टेंबर सीए लावतच नाही, त्या दिवसांत लाख. आमच्या सावंतवाडीच्या खेळण्यांचं लाखकाम तुम्ही बघितलंच असेल, चितारआळीत दुकानंच आहेत ओळीने. लेथ फिरता ठेवून लाखेची कांडी दाबायची, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून लाकडावर चढते, वरून केवड्याच्या सुक्या पानाने घासलं की चकाकी. पेनावर हे फार सुंदर दिसतं आणि हाताला प्लास्टिकसारखं लागत नाही. एकच सांभाळायचं, लाख स्पिरिटमध्ये विरघळते, सॅनिटायझर लावलेल्या हातात ते पेन दिलं की बोटांचे ठसे कायमचे.

नागपूरच्या_बाई

मी शाळेत शिकवते, शाईपेन रोज वापरते त्यामुळे माझा प्रश्न त्या मॅग्नेटवाल्या टोपणाचा. त्याचं शाईपेनाचं व्हर्शन पण आलंय, मी घेतलं. टोपण बसतं छान, पण हवा आत जाते. आतलं टोपण म्हणून जे असतं, निबभोवती घट्ट बसणारं, ते याच्यात नाहीच. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ आणि हवा कोरडी ठणठणीत, सोमवारी ठेवलेलं पेन गुरुवारी लिहीत नाही असं झालं. मी आता नीट करून बघणार आहे, आट्याच्या टोपणाचं एक आणि हे एक, दोन्हीत एकच शाई, एकाच खणात आडवं ठेवून. कळवते.

निबचं म्हणाल तर किटबरोबर येतो तो स्टीलचा पाच नंबरचा, वर आयरिडियम पॉइंट जर्मनी असं कोरलेलं. त्या अक्षरांनी भुलू नका, हे शिक्के कुठल्याही निबवर असतात. माझ्या दोन किटांत एक गुळगुळीत होता आणि एक कागद खरवडत होता. बाहेर ओढून बॉक किंवा योवो कंपनीचा पाच नंबर घातला तर पेन पूर्ण बदलतं. देवनागरीत वेलांट्या आणि शिरोरेषा असल्यामुळे खरखरीत निब फार लवकर जाणवतो, रोमनमध्ये तेवढा कळत नाही.

लाकडाचं: कातारी दादा, सातारचा ब्लँक इथे आणला तर इथल्या उन्हाळ्यात तडकतो. मी कुठलंही लाकूड इथे आलं की दोन महिने वर्तमानपत्रात गुंडाळून खोलीत ठेवते आणि मगच भोक मारते. अंजन मिळालं तर करून बघा, पाण्यात बुडतं इतकं जड, बिट तापतं पण पॉलिश आरशासारखं येतं.

उद्यमनगर_कोल्हापूर

अंजनाला +१. पण दर पाच-सहा एमएमला बिट बाहेर काढून भुसा काढा, नाहीतर आतून जळतं आणि बाहेरून केसासारखी भेग दिसते, ती दुसऱ्या दिवशी कळते.

नवखी_लेथवाली

धन्यवाद सगळ्यांना. फेविक्विकचं कोणी सांगितलं नाही. आणि पार्कर टाइप रिफिललाच जी-२ म्हणतात ना? मी ऑनलाइन जी-२ म्हणून पाच मागवल्या त्या खूप लांब आहेत, सिएराच्या फोटोतल्यासारख्या दिसतच नाहीत.

कातारी

ताई, हा घोळ निम्म्या लोकांचा होतो. पार्करच्या मापाला जी-२ म्हणतात आणि पायलट कंपनीच्या एका जेल पेनाचं नावसुद्धा जी-२ आहे, दोघांचा काही संबंध नाही. तुम्हाला ९८ एमएम लांबीची, मागे दातेरी टोक असलेली रिफिल हवी. श्मिटची ईझीफ्लो ९००० मिळाली तर बघा, लिहायला मऊ आहे.

चिकटवायला: फेविक्विकने नळी अर्ध्यात अडकून बसते, तो धडा मी एका तुळईच्या ब्लँकवर शिकलोय, तो तुकडा गेला तो गेलाच. अराल्डाइट घ्या, रात्रभर ठेवा. आधी नळी काचपेपरने खरखरीत करा आणि दोन्ही तोंडांना कणकेची गोळी दाबून बंद करा म्हणजे आत गोंद जात नाही, सुकल्यावर कणीक टोचून काढायची. सागवानासारखं तेलकट लाकूड असेल तर भोकात ॲसिटोनचा बोळा फिरवून लगेच चिकटवा, नाहीतर महिन्याभरात नळी आत फिरायला लागते. आणि जुनं घराचं लाकूड असेल तर कापायच्या आधी त्यावरून मॅग्नेट फिरवा. एका कडीत तुटलेला खिळा होता, नुसत्या डोळ्याला दिसतच नव्हता.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. सीए लावताना सुती फडकं वापरू नका. मी जुन्या बनियनचा तुकडा घेतला होता, सीए जरा जास्त सांडला आणि दहा सेकंदांत त्यातून धूर निघाला, बोटाला फोड आला. सुती कापड आणि सीए एकत्र आले की तापतात. कागदी नॅपकिन वापरायचा, दुसरं काही नाही. खिडकी उघडी आणि मास्क.

राजमहेंद्रीचा_पाहुणा

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. किटच कशाला? राजमहेंद्रीला रत्नमची पेनं, तमिळनाडूत ‘रंगा’ कंपनीची, हे लोक एबोनाइटच्या (गंधक घालून कडक केलेलं रबर) कांबीपासून सगळं पेन लेथवर करतात, टोपणाचे आटेसुद्धा तिथेच पाडतात. धातू फक्त निबला आणि क्लिपला. मग मुलामा उडायचा प्रश्नच राहत नाही. मी दोन वर्षांपूर्वी किट सोडलं, बारा आणि तेरा एमएमचे तीन सुरुवातींचे टॅप-डाय (आटे पाडायची हत्यारं) घेतले, महाग पडले पण टोपण एका फेऱ्यात उघडतं. एबोनाइट कातताना गंधकाचा वास येतो, घरातले तक्रार करतात, तेवढं सोडलं तर कापायला लोण्यासारखं. आणि टोपण आट्याचं असल्यामुळे नागपूरच्या बाईंचा प्रश्नही सुटतो.

कातारी

राग कसला, तुमची पेनं मी बघितलीत आणि ती उत्तमच आहेत. पण मला वाड्याचं लाकूडच वापरायचंय, आणि नुसत्या लाकडाला आटे पाडले तर ते झिजतात, शाई लागली की फुगतात. आत एबोनाइटची बाही घालून करता येईल हे कबूल, पण माझ्या हातात तेवढी सफाई अजून नाही आणि सतरा पेनं पुढच्या गुढीपाडव्याला द्यायची आहेत, मावशीचं वय थांबणार नाही. म्हणून किट. फक्त बोटं लागतात ती जागा टिकाऊ हवी, माझी अडचण तेवढीच आहे.

उद्यमनगर_कोल्हापूर

मग तेवढाच भाग बदलू या ना. बोल्टच्या किटमध्ये पुढचं टोक आट्यावर बसतं, रिफिल बदलायला तेच उघडतो आपण. ते टोक मी स्टेनलेसमध्ये करून देतो, ३०४ मध्ये, प्लेटिंगच नाही म्हणजे उडणार काय. तुम्ही मला एक कपलर आणि एक मूळ टोक पाठवा, आट्याचा पिच मी गेजने मोजतो. स्प्रिंगचं पण बघू, तुमच्या मावशींसाठी पातळ तारेची, अर्ध्या जोराची स्प्रिंग इथे बनवून मिळते. एक आधी करू, बसलं तर बाकीची सोळा.

मालवणी_रंधा

हे झालं तर माझीही दहा धरा. पैसे सांगा तेवढे देतो.

नागपूरच्या_बाई

माझी चाचणी झाली. दोन्ही पेनं आठ दिवस खणात होती. आट्याच्या टोपणाचं पहिल्याच रेघेला लिहिलं. मॅग्नेटचं पाचव्या दिवशीच बंद पडलं होतं, निब पाण्यात बुडवल्यावर चालू झालं. मग मी त्या टोपणाच्या आत, जिथे सेक्शनची (बोटांनी धरायचा भाग) कड टेकते तिथे, एक बारीक ओ-रिंग चिकटवली. आता पुन्हा पाच दिवस झाले आणि लिहितंय, पहिलं अक्षर जरा फिकट येतं एवढंच. मॅग्नेटची ओढ मात्र थोडी कमी झाली, रिंगमुळे अंतर वाढलं ना. रोज वापरणार असाल तर चालेल, कपाटात ठेवायला नको.

नवखी_लेथवाली

सिएरा आलं, बाभळीचं केलं, पहिलंच पेन! दोन्ही टोकांना नळीपेक्षा पाच पाच एमएम जास्त लाकूड ठेवलं होतं त्यामुळे भोक बाहेर पडताना चिरलं तरी तो भाग ट्रिम करताना गेला. एका बाजूला पायरी राहिलीये, नखाला लागते. बुशवर भरवसा ठेवला, व्हर्निअर आज आणलं.

कातारी

ताई अभिनंदन, बाभळीचा रंग फार छान उतरलाय, पुढच्या खेपेला अळशीच्या तेलाचा एक हात आधी द्या, रेषा अजून उठतील.

कोल्हापूरहून टोक पोचलं. स्टेनलेसचं वजन हातात लगेच जाणवतं, पेन पुढे झुकतं आणि लिहायला उलट बरंच वाटतं. व्यास बरोब्बर जुळलाय, नख फिरवून बघितलं, कुठे अडकत नाही. नवी स्प्रिंग घातली, मावशीने एका अंगठ्याने तीनदा उघडबंद केलं आणि लाकडाचा वास घेऊन म्हणाली हे माजघरातलं दिसतंय, आणि ते खरंच माजघराच्या तुळईचं आहे. फक्त शेवटचा एक आटा घट्ट जातोय, अर्धा फेरा बाहेर राहतो. जरा जोर लावून बसवू का?

उद्यमनगर_कोल्हापूर

जोर अजिबात लावू नका, कपलर पितळेचा आहे, त्याचे आटे जातील आणि मग ब्लँक फोडल्याशिवाय तो निघणार नाही. मुळाशी रिलीफ (आटे संपतात तिथली मोकळी खाच) कमी पडलाय, माझ्याकडून राहिलं. टोक परत पाठवा, दोन दशांश अजून काढतो आणि मग बाकीची लावतो.

कातारी

आजच कुरियर केलं. मावशीला सांगितलंय, चार दिवस पेन टोकाशिवाय राहील.